जेलचं स्कॅनिंग: फ्लॅटबेड, कॅमेरा की लेझर? आणि आलेला आकडा खरा कधी मानायचा?

निळी_पट्टी (धागाकर्ता)

कूमासी आर-२५० ने (प्रथिनाला चिकटणारा निळा रंग) रंगवलेल्या एसडीएस-पेज जेलवरून (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं जेल) शुद्ध केलेल्या प्रथिनाची शुद्धता टक्क्यांत काढायची आहे. जेल छोटं, १ मिमी जाडीचं, १० लेनचं (लेन म्हणजे एका नमुन्याची उभी पट्टी), दर लेनमध्ये २ मायक्रोग्रॅम प्रथिन. साधनं दोन आहेत. एक, झाकणात दिवा असलेला, फिल्म स्कॅन करणारा फ्लॅटबेड. दुसरं, कॅमेऱ्याचं जेल डॉक, म्हणजे जेलचे फोटो घेणारी पेटी. त्याच्या यूव्ही टेबलावर पांढऱ्या प्रकाशाचा पडदा ठेवता येतो.

तेच जेल, तीच लेन. कॅमेऱ्यावर मुख्य बँडचा (प्रथिनाच्या रंगीत रेघेचा) वाटा ९१ टक्के येतो, स्कॅनरवर ९६. खरा कुठला? आणि कूमासीसाठी खास डेन्सिटोमीटर (बँडचा गडदपणा मोजणारं यंत्र) किंवा लेझर स्कॅनर घ्यायलाच हवा का?

शून्यरेषा

फाइल जेपेग आहे की टिफ? स्कॅनरचं ऑटो एक्स्पोजर चालू होतं का? आणि बँडच्या शिखराचं क्षेत्रफळ ग्रे व्हॅल्यूवर (पिक्सेलच्या उजळपणाच्या आकड्यावर) काढलं की ओडीवर (प्रकाशीय घनतेवर)? एवढं कळल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करता येणार नाही.

प्रकाशमिती

शून्यरेषा यांनी विचारलेला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून त्यापासून सुरुवात.

स्कॅनर किंवा कॅमेरा मोजतो तो जेलमधून पार आलेला प्रकाश. रंगाचं प्रमाण मात्र या प्रकाशाशी सरळ जुळत नाही, त्याच्या लॉगशी जुळतं. मोकळ्या जागेतून आलेल्या प्रकाशाला बँडमधून आलेल्या प्रकाशाने भागायचं आणि त्याचा १० पायाचा लॉग घ्यायचा, की प्रकाशीय घनता म्हणजे ओडी मिळते. १० टक्के प्रकाश पार आला तर ओडी १, १ टक्का आला तर २. ग्रे व्हॅल्यू नुसती उलटी करून क्षेत्रफळ काढलं तर ओडी १ चा बँड ९० एकक भरतो आणि ओडी २ चा ९९. रंग दुप्पट, आकडा जेमतेम १० टक्क्यांनी जास्त! मुख्य बँड असा दबला की अशुद्धीचा वाटा आपोआप फुगतो आणि शुद्धता कमी दिसते.

लॉग कधी घ्यायचा यालाही महत्त्व आहे. आधी पिक्सेलची सरासरी आणि मग लॉग, हा क्रम चुकीचा. समजा एका पट्ट्यात अर्ध्या भागाची ओडी ० आणि अर्ध्याची २ आहे. खरी सरासरी १. पण प्रकाशाची सरासरी आधी घेतली तर ५०.५ टक्के प्रकाश पार आला असं दिसतं आणि ओडी येते जेमतेम ०.३०. म्हणून प्रत्येक पिक्सेलचा लॉग आधी, लेनची बेरीज नंतर. रेझोल्यूशन फार कमी ठेवलं तर हीच चूक पिक्सेलच्या आतच होऊन बसते आणि पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरने ती निघत नाही.

काचतळ

फ्लॅटबेडचं सेटिंग लिहितो.

स्कॅन ट्रान्समिशनमध्येच हवा, म्हणजे दिवा वर, सेन्सर खाली. रिफ्लेक्टिव्ह स्कॅनमध्ये प्रकाश जेलमधून दोनदा जातो आणि शिवाय काचेच्या व जेलच्या पृष्ठभागावरून थेट परतलेला प्रकाश त्यात मिसळतो. फिके बँड त्यात उठून दिसतात, पण गडद बँड लवकर सपाट होतात.

दिवा जुन्या फ्लुरोसंट नळीचा असेल तर १५ ते २० मिनिटं तापू द्या. एलईडीला एवढं थांबावं लागत नाही. मग ऑटो एक्स्पोजर, शार्पनिंग, धूळ काढणं, रंगदुरुस्ती हे सगळं बंद. गॅमा १.०, म्हणजे उजळपणाचा आकडा प्रकाशाच्या सरळ प्रमाणात. रंगीत ४८ बिट, म्हणजे दर चॅनेलला १६ बिट. ३०० डीपीआयला एक पिक्सेल सुमारे ८५ मायक्रोमीटरचा, ६०० ला ४२ चा. १ मिमी उंचीच्या बँडवर ३०० डीपीआयला साधारण १२ पिक्सेल पडतात, तेवढे पुरतात. बँड त्याहून बारीक असतील तर ६०० घ्या. त्यापुढे फक्त फाइल फुगते. साठवायचं टिफमध्ये. जेपेग ८ बिटांवर येतो आणि बँडच्या कडांशी डाग पाडतो.

काचेवर पाण्याचा पातळ थर, त्यावर जेल एका कडेपासून हळूहळू टेकवत आणायचं म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. कोरडी काच आणि जेल यांच्यात हवेचा पातळ थर राहिला तर इंद्रधनुषी कडी उमटतात, प्रोफाइलमध्ये (लेनभरच्या गडदपणाच्या आलेखात) ती खोट्या शिखरांसारखी दिसतात. पाणी मात्र मोजकंच. स्कॅनर जलरोधक नसेल तर काचेच्या कडेने आत झिरपलेलं पाणी आरशांवर डाग सोडतं. खाली पारदर्शक फिल्म ठेवली तर धोका टळतो. पण मग ओडीसाठीचा मोकळा संदर्भही त्याच फिल्मच्या कोऱ्या भागावरून घ्यायचा.

आणि एक गोष्ट सहज सुटते: फिल्म मोडमध्ये काचेच्या एका टोकाला कॅलिब्रेशनची पट्टी असते. तिच्यावर जेलची कड, पाण्याचा थेंब किंवा धूळ आली की स्कॅनच्या दिशेने जेलभर सरळ रेघ उमटते. लेन स्कॅनच्या दिशेला समांतर असतील तर एखाद्या लेनचं बॅकग्राउंड उचललं जातं. आडव्या असतील तर सगळ्या लेनमध्ये एकाच उंचीवर ‘बँड’ दिसतो, रिकाम्या लेनमध्येसुद्धा. म्हणून एक लेन रिकामी सोडणं नेहमीच फायद्याचं.

निळी_पट्टी

दोन्ही फाइल टिफ आहेत. स्कॅनरचं ऑटो एक्स्पोजर चालू होतं. क्षेत्रफळ दोन्हीकडे ग्रे व्हॅल्यूवर काढलं होतं. ४८ बिट रंगीत का? जेल तर एकाच रंगाचं आहे.

काचतळ

तीन चॅनेल वेगळे करा म्हणजे उपयोग लगेच कळेल. कूमासी लाल आणि हिरवा प्रकाश शोषतो, निळा फारसा शोषत नाही. त्यामुळे निळ्या चॅनेलमध्ये बँड जवळजवळ नाहीसे होतात, पण धूळ, बुडबुडा, जेलची चीर तिन्ही चॅनेलमध्ये सारखीच राहते. निळ्यातही ठळक दिसणारा ठिपका बँड नव्हे. लाल आणि हिरवा यांपैकी ज्यात शोषण जास्त तो चॅनेल फिक्या बँडसाठी, ज्यात कमी तो गडद बँडसाठी. फक्त एका हिशोबात दोन चॅनेलचे आकडे मिसळायचे नाहीत. चांदीने रंगवलेला सिल्व्हर स्टेन पिवळट तपकिरी असतो, तिथे निळ्या चॅनेलमध्ये सगळ्यात जास्त शोषण दिसतं.

पांढरा_पडदा

गॅमाबद्दल थोडा मतभेद. ‘गॅमा १.० नसेल तर स्कॅन वाया’ असं सरसकट म्हटलं जातं, ते पूर्ण बरोबर नाही. गॅमा म्हणजे घातांक. लॉग घेतल्यावर घातांक नुसता गुणक होऊन बाहेर येतो. शुद्ध २.२ गॅमाच्या फाइलवर ओडी काढली तर सगळ्या ओडी २.२ ने भागल्या जातात, बँडांचं आपसांतलं गुणोत्तर तेच राहतं.

प्रकाशमिती

@पांढरा_पडदा, गणित बरोबर आहे, पण स्कॅनर शुद्ध घातांक क्वचितच वापरतो. बहुतेक फाइल एसआरजीबी वक्राच्या (पडद्यावर दाखवण्यासाठीचा ठरलेला उजळपणाचा वक्र) असतात, त्यात घातांकाबरोबर ०.०५५ ची वजाबाकीही आहे. त्या वक्रावर खरी ओडी १ मोजली जाते ०.४६ आणि खरी ओडी २ मोजली जाते १.००. गुणोत्तर २ ऐवजी २.१९, म्हणजे गडद बँड जवळपास १० टक्के जास्त भरला. शुद्धतेच्या हिशोबात एवढा फरक भारी पडतो.

म्हणून गॅमावर वाद घालत बसण्यापेक्षा स्टेप टॅब्लेट वापरा. ही फिल्मची पट्टी असते, तिच्यावर ठरावीक ओडीच्या पायऱ्या असतात. २१ पायऱ्यांची, दर पायरीला ०.१५ ने वाढत ०.०५ पासून ३.०५ पर्यंत जाणारी सर्रास वापरली जाते. जेलशेजारी ठेवून त्याच स्कॅनमध्ये घ्या आणि पायरीची ओडी विरुद्ध मोजलेली ग्रे व्हॅल्यू असा आलेख काढा. वक्र कुठलाही असो, तो त्यात पकडला जातो. आणि आलेख जिथे आडवा पडतो ती तुमच्या यंत्राची खरी मर्यादा, माहितीपत्रकावर काहीही छापलेलं असलं तरी.

शून्यरेषा

माहितीपत्रकाबद्दल शंभर टक्के सहमत. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पातळ्या, त्याचा लॉग ४.८, म्हणून ‘४.८ ओडी’ असं लिहिलेलं आढळतं. तो फक्त आकडे साठवण्याचा अवाका आहे. खरी मर्यादा भरकटलेला प्रकाश, म्हणजे बँडमधून न येता आजूबाजूने सेन्सरवर पोचणारा प्रकाश ठरवतो. १ टक्का भरकटलेला प्रकाश सेन्सरवर पोचत असेल तर खरी ओडी १ दिसते ०.९६, खरी २ दिसते १.७० आणि खरी ३ दिसते १.९६. म्हणजे २ आणि ३ यांच्यात रंगाचा दीडपट फरक, मोजमापात जेमतेम १५ टक्के. अशा यंत्रावर ओडी १.२ च्या वरच्या बँडचा आकडा मी धरणार नाही.

पांढरा_पडदा

पटलं, विशेषतः एसआरजीबीचं. टॅब्लेट हाच राजमार्ग.

आता कॅमेऱ्याचं. जेल डॉकमध्ये भरकटलेला प्रकाश स्कॅनरपेक्षा बराच जास्त असतो, कारण सगळं टेबल एकदम उजळलेलं असतं. जेलच्या चारही बाजूंचा झगझगीत पांढरा प्रकाश लेन्सच्या आत परावर्तित होऊन गडद बँडवर पसरतो. उपाय सोपा आहे: काळ्या कागदाला जेलएवढी चौकट कापून टेबल झाका. जेलबाहेर जेवढा उजेड कमी, तेवढे गडद बँड खरे.

दुसरी अडचण असमान उजेडाची. पडदा मध्यभागी उजळ, कडेला मंद, आणि त्यात लेन्सची भर. साध्या लेन्समध्ये अक्षापासून १० अंशांवर उजेड सुमारे ६ टक्के कमी पोचतो, २० अंशांवर २२ टक्के. त्यासाठी तीन चित्रं घ्यायची: जेल, जेल काढून त्याच फोकसवर आणि त्याच एक्स्पोजरला नुसता पडदा, आणि दिवा बंद ठेवून काळं चित्र. जेलमधून काळं वजा, पडद्यातून काळं वजा, मग दुसऱ्याला पहिल्याने भाग. यानेच दर पिक्सेलला स्वतःचा मोकळा संदर्भ मिळतो. पडद्याचं चित्र सॅच्युरेट झालेलं (कमाल आकड्याला टेकलेलं) नको, सगळ्यात उजळ पिक्सेल कमाल आकड्याच्या ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा.

रंग स्वतः चमकतो अशा फ्लुरोसन्सला हा पांढरा पडदा चालत नाही. तिथे एकसारखी चमकणारी फ्लुरोसंट प्लेट लागते, कारण यूव्ही नळ्यांचे पट्टे वेगळेच असतात.

लेझरदृष्टी

मूळ प्रश्नात लेझरचा उल्लेख आहे म्हणून लिहिते. नुसत्या कूमासीसाठी लेझर स्कॅनर घ्यायची गरज नाही. त्याचा खरा उपयोग फ्लुरोसंट रंगांना. सायब्र ग्रीनला ४८८ नॅनोमीटर, इथिडियम आणि साय३ ला ५३२, साय५ ला ६३३ च्या आसपासचा लेझर. कॅमेरा सगळं जेल एकदम बघतो, लेझर एकेका बिंदूवर जातो आणि फोटोमल्टिप्लायर नळी तो प्रकाश मोजते. त्यामुळे कडेला उजेड कमी पडण्याचा प्रश्न फारसा उरत नाही आणि मोजण्याची पट्टी खूप लांब मिळते.

चुका इथेही ठरलेल्या आहेत. आधी खरखरीत रेझोल्यूशनवर झटपट स्कॅन करून सगळ्यात चमकदार बँडचा पिक्सेल बघायचा. १६ बिटांत कमाल ६५,५३५, म्हणून तो ४० ते ६० हजारांत बसेल असं नळीचं व्होल्टेज निवडायचं. मग १०० मायक्रोमीटरवर शेवटचा स्कॅन. व्होल्टेज बदललं की गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) बदलतो, आणि तो सरळ प्रमाणात नाही. म्हणून ज्या जेलांची तुलना करायची त्या सगळ्यांना एकच व्होल्टेज.

जेल काचेच्या प्लेटांमध्ये ठेवूनच स्कॅन करत असाल तर फोकस ३ मिमी वर घ्यावा लागतो. तो काचतळावरच राहिला तर सिग्नल पडतो आणि बँड पसरट दिसतात. प्लेटा कमी फ्लुरोसन्सच्या काचेच्याच हव्यात. बोटांचे ठसे, हातमोज्यांची भुकटी, मार्करची शाई आणि कापडाचे धागे या सगळ्या गोष्टी चमकतात. काच आधी पाण्याने, मग इथेनॉलने, धागे न सोडणाऱ्या कागदाने पुसा.

एक भर: प्रथिनाला चिकटलेली कूमासी निअर-इन्फ्रारेडमध्ये फ्लुरोसन्स देते. ६८५ नॅनोमीटरच्या आसपास उत्तेजन देऊन ७०० च्या चॅनेलमध्ये वाचणारं यंत्र प्रयोगशाळेत असेल तर तेच निळं जेल त्यावर ठेवून बघा. डोळ्यांना न दिसणारे बँड दिसतात. डिस्टेन (जादा रंग धुऊन काढणं) मात्र नीट झालेलं हवं, नाहीतर बॅकग्राउंडच भगभगतं.

पाच_शिखरे

थोडं अवांतर, पण डेन्सिटोमीटरचा रोजचा वापर रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होतो: सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तद्रवातली प्रथिनं विजेने वेगळी करण्याची चाचणी). अल्ब्युमिन, अल्फा-१, अल्फा-२, बीटा, गॅमा ही पाच शिखरं. यंत्र फक्त टक्के देतं, ग्रॅम मिळतात एकूण प्रथिनाने गुणल्यावर. एकूण ८.४ ग्रॅम प्रति डेसिलिटर आणि एम-बँड (काही आजारांत एकाच प्रतिपिंडाचा उमटणारा बँड) २२ टक्के असेल तर १.८५ ग्रॅम.

सेल्युलोज ॲसिटेटची पट्टी पांढरी, अपारदर्शक असते. ट्रान्समिशनला ती आधी मेथॅनॉल आणि ॲसिटिक आम्लाच्या द्रावणात पारदर्शक करून घ्यावी लागते. नीट पारदर्शक न झालेला भाग थेट खोटं शिखर बनतो. सीरमऐवजी प्लाझ्मा आला तर फायब्रिनोजेनचा बँड बीटा आणि गॅमाच्या मध्ये येतो आणि एम-बँडसारखा दिसतो. रक्तपेशी फुटलेल्या असतील तर हिमोग्लोबिन-हॅप्टोग्लोबिनचं शिखर अल्फा-२ आणि बीटाच्या मध्ये.

एम-बँडची सीमा कशी काढली हे अहवालात टिकून राहायला हवं. दोन्ही दऱ्यांपासून तळरेषेपर्यंत सरळ उभ्या रेषा टाकल्या तर खालचं सामान्य गॅमाही त्यात मोजलं जातं. शिखराच्या पायथ्याला तिरकी रेषा मारली तर ते वगळलं जातं. दोन्ही पद्धती वापरात आहेत, पण एकाच रुग्णाच्या आधीच्या आणि नंतरच्या अहवालांत पद्धत बदलली तर आजार कमी झाल्याचा किंवा वाढल्याचा भास होतो.

निळी_पट्टी

अवांतर कसलं, उभ्या आणि तिरक्या रेषेचा प्रश्न माझ्या जेललाही आहेच. मुख्य बँडला खालून एक खांदा (पूर्ण सुटं न झालेलं छोटं शिखर) आहे. आता इमेजजेमध्ये (चित्र मोजण्याचं सॉफ्टवेअर) नेमकं काय करायचं ते कोणी सांगेल का?

चौकोन

आधी फाइल ३२ बिट करा. मोकळ्या भागाच्या चित्राने, ते नसेल तर मोकळ्या जागेच्या सरासरीने भागा. मग प्रोसेसमधल्या मॅथमध्ये लॉग. इमेजजेचा लॉग नैसर्गिक असतो, म्हणून उणे ०.४३४३ ने गुणा. आता प्रत्येक पिक्सेल म्हणजे ओडी.

लेनवर आयत काढा, १ दाबा. तोच आयत पुढच्या लेनवर सरकवून २. शेवटी ३ दाबलं की प्रोफाइल येतात. शिखरं खाली लोंबत असतील तर जेल ऑप्शन्समध्ये इन्व्हर्ट पीक्स बदला. शिखराचा पायथा सरळ रेषेने बंद करा आणि वाँड साधनाने आत क्लिक करा, क्षेत्रफळ मिळतं. खांद्याला दरीच्या सगळ्यात खोल बिंदूपासून उभी रेषा, आणि सगळ्या लेनमध्ये तसंच.

रोलिंग बॉलने (चित्राखालून चेंडू फिरवल्यासारखं बॅकग्राउंड ठरवणारी आज्ञा) बॅकग्राउंड काढणार असाल तर त्रिज्या तपासा. आपोआप येते ती ५० पिक्सेल. ६०० डीपीआयला ३ मिमी उंच बँड ७० पिक्सेलचा होतो. अशा बँडचा तळ चेंडू खाऊन टाकू शकतो. त्रिज्या सगळ्यात मोठ्या बँडपेक्षा बरीच मोठी ठेवा, नाहीतर तळरेषा हाताने काढा.

काचतळ

आयताच्या रुंदीबद्दल: एकाच लेनमधले टक्के हवे असतील आणि सगळे बँड सारखे रुंद असतील तर मधला दोन-तृतीयांश भाग पुरतो, कडा वाकलेल्या असल्या तरी अडत नाही. पण दोन लेनमधलं प्रथिन ताडायचं असेल तर पूर्ण रुंदीच घ्या. गडद बँड आडवा पसरतो, कडा सोडल्या तर त्याचं प्रथिनही सुटतं.

चौकोन

बरोबर. जेल फुगण्याची भीतीही पूर्ण रुंदी घेतली की राहत नाही. डिस्टेनमध्ये जेल फुगलं तर ओडी उतरते पण क्षेत्रफळ वाढतं, दोन्हींचा गुणाकार तोच राहतो.

प्रकाशमिती

आता मूळ प्रश्न. ९१ आणि ९६ दोन्ही सोडून द्या.

दोन्हीकडे लॉग नव्हता, त्यामुळे मुख्य बँड दोन्हीकडे दबलेला होता. कॅमेऱ्यावर भरकटलेल्या प्रकाशाने तो आणखी दबला, म्हणून ९१. स्कॅनरच्या ऑटो एक्स्पोजरने बॅकग्राउंड थेट पांढऱ्यावर ओढलं, त्याबरोबर फिके बँडही पांढऱ्यात गेले, म्हणून ९६. चुका दोन, दिशा उलट्या.

यंत्र सुधारलं तरी २ मायक्रोग्रॅमच्या लेनमधून हे उत्तर निघणार नाही. २ मायक्रोग्रॅमचा १ टक्का म्हणजे २० नॅनोग्रॅम. आर-२५० ला बँड नीट दिसायला साधारण ५० ते १०० लागतात. म्हणजे एकेक टक्क्याच्या चार अशुद्धी असल्या तरी जेलवर एकही दिसणार नाही आणि कुठलाही स्कॅनर त्या शोधून देणार नाही. कूमासीचाच कोलॉइडल जी-२५० साधारण १० नॅनोग्रॅमपर्यंत उतरतो, इथे तो जास्त योग्य. सिल्व्हर १ नॅनोग्रॅमच्या आसपास दाखवतो, पण त्याची सरळ रेषेची पट्टी अरुंद आहे आणि प्रथिनागणिक रंग फार बदलतो. त्यावर टक्के काढू नका.

जेल असं भरा: एका लेनमध्ये १० मायक्रोग्रॅम, तीन लेनमध्ये त्याच नमुन्याचे ०.५, १ आणि २, एक रिकामी. १० च्या लेनमधून फक्त अशुद्धी मोजा, तिथला मुख्य बँड बघूच नका. मुख्य बँड १ च्या लेनमधून घ्या आणि १० ने गुणा. उदाहरणार्थ मुख्य बँड १,८५० एकक, १० पट म्हणजे १८,५००. अशुद्धींची बेरीज ७४०. शुद्धता १८,५०० भागिले १९,२४०, म्हणजे ९६.२ टक्के. ०.५, १, २ या लेनमध्ये मुख्य बँड दर पायरीला दुप्पट होतोय ना, ते आधी तपासा. २ च्या लेनमध्ये १.६ पटच भरला तर सरळ रेषा तिथे संपली.

आणि अहवालात ‘कूमासीने दिसणाऱ्या बँडांच्या टक्केवारीनुसार’ असं लिहा. कूमासी मुख्यतः आर्जिनिनला आणि काही प्रमाणात लायसिन, हिस्टिडिनला चिकटते. ही अमिनो आम्लं कमी असलेली अशुद्धी वजनाने जास्त असूनही फिकी दिसते.

निळी_पट्टी

खूप आभार सगळ्यांचे. १०, २, १, ०.५ आणि रिकामी लेन, शेजारी टॅब्लेट, रंग कोलॉइडल, स्कॅन ट्रान्समिशन ४८ बिट, ऑटो एक्स्पोजर बंद. १० च्या लेनमध्ये मुख्य बँड फुगून शेजारची अशुद्धी झाकेल, त्याचं काय करायचं?

शून्यरेषा

झाकली जाईल तेवढी मोजता येणार नाही. मुख्य बँडच्या जवळची अशुद्धी ५ मायक्रोग्रॅमच्या वेगळ्या लेनमधून घ्या आणि २ ने गुणा. तिथेही सुटी होत नसेल तर जेलची टक्केवारी (ॲक्रिलामाइडचं प्रमाण) बदला. १० च्या लेनच्या दोन्ही बाजूंना रिकामी लेन ठेवा, नाहीतर सांडलेलं प्रथिन शेजारच्या लेनमध्ये अशुद्धी म्हणून मोजलं जाईल.